बँडबाईंचा खोकला

बँडबाईंना खोकला झालाय, हे शाळेत सगळ्यांत आधी कळलं ते मोठा ढोल वाजवणाऱ्याला.

कारण बाई त्याच्याच ठोक्यावर खोकायच्या. दोन्ही हात वर, व्हायोलिनवाल्यांचे गज तयार, ट्रम्पेटवाल्यांचे गाल फुगलेले, आणि नेमकं त्याच वेळी छातीच्या तळातून काहीतरी सरपटत वर यायला लागायचं. बाई थांबायच्या नाहीत. पुढचा मोठा ठोका कुठे आहे ते डोळ्यांनी हेरायच्या, तिथपर्यंत दम धरायच्या आणि ‘धडाम’ झालं की त्यात आपलं खोकून घ्यायच्या. कोणाला पत्ता लागत नसे. बावीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ‘तालात राहा रे’ म्हणून ओरडलेली बाई स्वतः खोकतानाही ताल सोडत नव्हती.

एका दुपारी तालीम संपल्यावर ढोलवाला रेंगाळला. सातवीतला पोरगा, पोटाला ढोलाचा पट्टा घासून घासून सदऱ्याचं एक बटण कायमचं गेलेलं.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार. रागवायचं का ते मग ठरवते.”

“तिसऱ्या पानावरचा ठोका मी जरा जोरात मारू का?”

“का? हळू लिहिलंय तिथे.”

“हो, पण…” त्याने काठीने स्वतःची पाठ खाजवली. “तिथे तुमचा खोकला मोठा येतो. ठोक्याच्या बाहेर ऐकू येतो.”

बाई हसल्या. हसल्या म्हणून खोकल्या, आणि या वेळी मदतीला ठोका नव्हता. खुर्चीची पाठ धरून त्या बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. पोरगा बघत राहिला.

“राळ आहे रे ती,” श्वास सापडल्यावर बाई म्हणाल्या. “गजाला लावतात ती. वीस गज एकदम घासले की धूळ उडते. व्हायोलिन शिकवणारे सगळेच खोकतात.”

यात खोटं काही नव्हतं. राळेची पांढरी भुकटी त्यांच्या बाह्यांवर, चष्म्यावर, डब्याच्या झाकणावरही असायची. दहा आठवडे त्यांनी हेच कारण नवऱ्याला सांगितलं, शिपायाला सांगितलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा स्वतःला सांगितलं.

या बाई मुळात बँडच्या नव्हत्याच. शाळेत आल्या त्या व्हायोलिन शिकवायला. दोनच वर्षांत बँडचे मास्तर अर्ध्या सत्रात नोकरी सोडून गेले आणि तेव्हाच्या मोठ्या सरांनी हिशेब सोपा केला: “वाद्य ते वाद्य, बाई. तुम्हीच बघा.” पस्तिसाव्या वर्षी त्या ट्रम्पेट शिकल्या, न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल कोंबून. नवरा बाहेरून विचारायचा, “अगं, आत म्हैस अडकलीय का? सोडवायला येऊ?” नवऱ्याचं चष्म्याच्या भिंगांचं काम, शांततेचं. पण तोही पुढे सरावला. ट्रम्पेटमागून क्लॅरिनेट आलं, मग फ्लूट, मग तो अवाढव्य ट्यूबा. सहावी ते आठवीची एकसष्ट मुलं, सकाळी बँड, दुपारी ऑर्केस्ट्रा, वर्षाच्या शेवटी दोघांचा मिळून एक कार्यक्रम. शाळेत त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. पोरांच्या, पालकांच्या, पोस्टमनच्याही तोंडी त्या बँडबाई.

त्यांचा सगळा भर श्वासावर. रोजची तालीम वाद्याने सुरू व्हायचीच नाही. आधी दहा मिनिटं नुसता श्वास. पाठ ताठ, खांदे खाली, आणि बाई आठ आकडे मोजणार, तेवढ्यात पोट फुगेपर्यंत हवा आत. “अजून! खोलीतली हवा काय तुमच्या काकाची आहे? घ्या सगळी आत!” व्हायोलिनवाल्यांनाही यातून सुटका नव्हती. कोण कुठे चोरून दम घेतो ते बाईंना पाठमोऱ्याही कळायचं.

त्या सोमवारी मोजता मोजता पाचलाच त्यांची स्वतःची हवा संपली. सहा, सात, आठ मुलांनीच म्हटलं. पोरांना वाटलं, बाई परीक्षा घेताहेत.

त्याच दुपारी त्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होती, भराभर बोलणारी. छातीचा फोटो काढला, थुंकीला डबी दिली, आणि फोटो उजेडाला धरल्यावर मात्र तिचा वेग एकदम कमी झाला.

“वजन किती उतरलंय?”

“साड्यांच्या निऱ्या दोन जास्त पडतात एवढं ठाऊक आहे.”

“संध्याकाळी ताप?”

“कणकण असते. दिवसभर साठ पोरं अंगावर घेतली की कोणालाही येईल.”

“खोकला कधीपासून?”

“राळेचा आहे तो.”

“कधीपासून, मॅडम?”

“दहा आठवडे.”

डॉक्टरीणबाईने फोटो खाली ठेवला. “थुंकीचा रिपोर्ट परवा येईल. तोवर शाळेत जायचं नाही. तुम्ही शिकवता ती खोली कशी आहे? हवा खेळती आहे का?”

आता ‘खोली कशी आहे’ हा प्रश्न बाईंना गेल्या अकरा वर्षांत अनेकांनी विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्या छाती फुगवून देत. कारण शेजारीच गणिताचा वर्ग. गणिताच्या सरांनी एकदा तक्रार केली होती, “तुमच्या ट्रम्पेटमुळे माझ्या पोरांची उत्तरं चुकतात.” बाई म्हणाल्या होत्या, “ट्रम्पेट नव्हतं तेव्हा बरोबर यायची का?” पण मग एका सुट्टीत त्यांनी स्वतः शिडीवर चढून खोली बंद करून टाकली होती. खिडक्यांच्या फटींना स्पंज, काचांवर जुना गालिचा, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. सवयीने तोंडातून निघून गेलं:

“अहो, अशी बंद केलीय की आत ढोल वाजला तरी बाहेर टाचणी पडलेली ऐकू येईल!”

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं.

बाईंनी त्या थांबलेल्या पेनाकडे पाहिलं, आणि आपण आत्ता काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

दोन दिवसांनी फोन आला. क्षय. टीबी. थुंकीत जंतू भरपूर.

“औषध आजच सुरू करायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “सहा महिने, एकही दिवस न चुकता. तुम्ही बऱ्या व्हाल, त्याची काळजी नको.”

“माझं जाऊ द्या. मी पोरांची वाद्यं वाजवून दाखवते हो. त्यांच्या हातातली. बाहीला पुसते, वाजवते, परत देते. बावीस वर्षं असंच—”

“वाद्यातून नाही पसरत तो. हवेतून पसरतो.” मग ती म्हणाली, “बंद हवेतून. मला यादी लागेल. वर्गवार, आडनावांप्रमाणे.”

बाई यादी करायला बसल्या. वर्गवार एकही नाव आठवेना. शेवटी त्यांनी कागदावर अर्धवर्तुळ काढलं, मधे स्वतःसाठी एक फुली मारली, आणि मग सगळी मुलं आपोआप आपापल्या खुर्चीत येऊन बसली. फ्लूटच्या चौघी, व्हायोलिनची पहिली रांग, क्लॅरिनेट, चेलो. एकेका खुर्चीत नाव लिहिताना त्यांचा हात फुलीपासून त्या खुर्चीपर्यंतचं अंतर मोजायला लागला. पहिली रांग: हाताच्या अंतरावर. दुसरी: दोन हात. आणि रोज दहा मिनिटं, आठ आकडे, पोट फुगेपर्यंत. घ्या सगळी आत.

पेन हातातून गळालं. नवऱ्याने उचलून दिलं, तर त्या ओरडल्या, “लांब व्हा तुम्ही!”

“लांब काय लांब? तीस वर्षं एका खोलीत झोपतोय. मला व्हायचा असता तर एव्हाना झाला असता.” तो तपासणीला जाऊन आला होता, साफ निघाला होता. पण बोलताना त्याचा आवाज भिंगावर चरा पडल्यासारखा झाला होता.

मोठ्या सरांना बाईंनीच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ नुसता टेबलावर बोटं वाजवल्याचा आवाज.

“कोणाकोणाला सांगितलंत?”

“तुम्हाला.”

“मग इथेच थांबा. आरोग्य खात्याची माणसं सोमवारी येतील, ती बघतील कसं सांगायचं ते. तोवर तुम्हाला साधा ताप आहे. कळलं ना? आत्ता बोभाटा झाला तर पालक शाळेचं दार मोडतील. कार्यक्रम अकरा दिवसांवर आलाय, बाई.”

“पण सर—”

“चार दिवसांनी काय फरक पडतो? खोलीत तर आता कोणी जात नाही.”

बाई ‘बरं’ म्हणाल्या. त्यांना हायसं वाटलं, हेही खरं. निदान चार दिवस एकसष्ट घरांत त्यांचं नाव नुसतंच बँडबाई राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या सरांचा फोन. बाईंच्या जागी, आता मैदानावर होणाऱ्या तालमीला, त्यांनाच बसवलं होतं.

“बाई, तुमची ही सेना माझं ऐकत नाही. मी हात वर केला की हसतात. आणि वाद्यांच्या खोलीची किल्ली कुठे असते? तो ट्यूबा काढायचाय.”

“गोगलगायीकडे आहे किल्ली.”

“ती कुठेय? चार दिवस झाले, येत नाही. ताप आहे म्हणे.”

बाईंचा हात टेबलावरच्या अर्धवर्तुळाच्या कागदाकडे गेला.

“हॅलो? बाई?”

गोगलगाय म्हणजे सहावीतली ट्यूबावाली. एवढीशी पोरगी, तिच्यापेक्षा वाद्य मोठं. ट्यूबा अंगावर घेऊन बसली की फक्त दोन वेण्या आणि बुटांची टोकं दिसायची, म्हणून पोरांनी नाव ठेवलं गोगलगाय. गरीब चेहऱ्याची, पण बोलायला लागली की पोटातले पाय दिसायचे. “बाई, हा ट्यूबा मला वाजवतो की मी त्याला?” तिचा सूर अजून बसत नव्हता म्हणून बाई गेले तीन महिने रोज मधल्या सुट्टीत तिला वेगळं शिकवत होत्या. वाद्यांच्या खोलीत. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, खिडकी नाहीच. दार लावून घ्यायच्या, कारण ट्यूबाचा आवाज पार ऑफिसपर्यंत जायचा. वीस मिनिटं, दोघी, गुडघ्याला गुडघा.

अर्धवर्तुळाच्या कागदावर ती खोली बाईंनी काढलीच नव्हती.

त्यांनी मास्क चढवला, चपला घातल्या.

“कुठे निघालीस?” नवरा दारात आडवा.

“पोरीकडे.”

“सरांना शब्द दिलायस तू.”

“पोरीला ताप आहे हो.” एवढंच म्हणाल्या. नवरा बाजूला झाला.

गोगलगायीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. बाई रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या राहिल्या आणि फोन लावला.

“हॅलो?” पोरीची आई. बेकरीत पहाटेच्या पाळीला जाणारी, पोरीच्या तापामुळे आज घरीच.

“मी बँडबाई.”

“हां बाई, बोला की! ती झोपलीय. ट्यूबा शाळेतच आहे हो, घरी नाही आणला. तीन जिने तो कोण चढवणार, आधी पोरीला चढवू की त्याला?”

“ट्यूबासाठी नाही फोन केला. जरा खिडकीत या.”

पडदा हलला. आईने खाली पाहिलं, हसून हात हलवला. “अहो, तिथे काय उभ्या? वर या. चहा टाकते.”

“मी वर येणार नाही.”

“का? तोंडाला हे काय बांधलंय?”

बाईंनी वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. चांगलं होतं, त्यात ‘काळजीचं कारण नाही’ असंही होतं. ते सगळं विसरलं.

“मला टीबी झालाय.”

खिडकीतला हात तसाच वर राहिला. मग खाली आला, आणि खिडकी लागली. काच बंद. फोन मात्र चालूच होता, त्यात कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

“कधीपासून?”

“दहा आठवडे खोकतेय. कदाचित त्याच्याही आधीपासून असेल.”

“म्हणजे रोज. मधल्या सुट्टीत.”

“हो.”

“त्या कोठडीत.”

“हो.”

“दार उघडं असायचं ना?”

बाईंना वाटलं, खोटं बोलावं. एकच शब्द होता.

“नाही. लावलेलं असायचं.”

“का?”

“आवाज होतो म्हणून.”

“आवाज होतो म्हणून,” आई म्हणाली. पुन्हा म्हणाली, “आवाज होतो म्हणून.” मग तिचा आवाज खाली आला, अगदी शेजारणीशी कुजबुजावं तसा. “बाई, हा ताप त्याचाच आहे का हो?”

“मला माहीत नाही. आत्ता डॉक्टरकडे न्या. उद्या नको. आणि मी सांगितलं ते तसंच्या तसं सांगा: बंद खोली, रोज वीस मिनिटं, तीन महिने. काही कमी करून सांगू नका.”

“तुम्ही खोकत होतात ना? तुम्हाला कळत होतं ना?”

“कळत होतं. मी त्याला दुसरं नाव दिलं होतं.”

फोन बंद झाला. सायकलवाला चाक फिरवता फिरवता बाईंकडे बघत होता. त्यांनी बसायला जागा शोधली, मिळाली नाही, तशाच चालत घरी आल्या.

दुपारी चारपर्यंत गावभर झालं. फोन थांबेना. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं. एका बापाने फक्त, “माझ्या पोराला दमा आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला?” विचारलं आणि उत्तर न घेता ठेवून दिला. शेवटी मोठे सर.

“घात केलात, बाई. शाळेचा घात केलात.”

“तो आधीच होऊन गेला होता, सर. आज फक्त सांगितला.”

“कार्यक्रम रद्द करावा लागला.”

“बरं झालं.” असं आपण कधी म्हणू, हे बाईंना आदल्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

गोगलगायीचा ताप घशाचा निघाला. टॉन्सिल सुजलेले, तीन दिवसांत उतरला. हे तिच्या आईने कळवलं नाही, गणिताच्या सरांनी सांगितलं. बाईंनी भिंतीला डोकं टेकलं. पण डॉक्टरीणबाईने तेवढा दिलासाही टिकू दिला नाही. “ताप उतरला ही चांगली गोष्ट. पण जंतू शिरलेत की नाही ते तापावरून कळत नाही. सगळ्यांच्या हाताला टीबीच्या तपासणीची सुई टोचणार. दोन दिवसांनी फुगवटा मोजायचा. सपाट असेल तर ठीक. सध्यापुरतं.”

“सध्यापुरतं म्हणजे?”

“दोन महिन्यांनी पुन्हा टोचायचं. उशिराही दिसतो कधीकधी.”

मोजणीच्या दिवशी बाई घरीच होत्या. शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभं राहायचं धैर्य नव्हतं. अर्धवर्तुळाचा कागद टेबलावर. सव्वादहाला फोन वाजला.

“बाई, मी ढोलवाला! सपाट! डास चावला तरी यापेक्षा मोठं होतं. नर्सबाईंनी मोजायला पट्टी लावली, तर पट्टीलाच लाज वाटली.”

बाईंनी त्याच्या खुर्चीवर बारीक टिंब दिलं. पदराने नाक पुसलं.

“बाई, रडताय का? मी बाकीच्यांना पण सांगतो फोन करायला. इथे रांगच आहे.”

आणि फोन यायला लागले. एकाच फोनवरून दहा-दहा पोरं, मागे सगळा गोंगाट. “बाई, मी पहिली फ्लूट, सपाट!” “बाई, चेलोचे तिघेही सपाट!” “बाई, ह्याने फुगवटा यावा म्हणून हात घासला, तरी नाही आला!” “ए, खोटं नको सांगू!” काही पोरांना घरून ताकीद होती, त्यांनी नुसता आकडा सांगितला आणि ठेवला. बाई टिंब देत गेल्या. कागद भरत चालला, तसतशा रिकाम्या खुर्च्या उठून दिसायला लागल्या. दुपारी एकला तेरा उरल्या. तीनला आठ. साडेचारला पाच, आणि मग फोन वाजेना.

क्लॅरिनेटच्या दुसऱ्या रांगेत दोन. व्हायोलिनच्या पहिल्या रांगेत एक. झांजा. आणि मागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकलेली, ट्यूबाची खुर्ची.

“विसरली असतील,” नवरा म्हणाला. “फोन लागला नसेल.”

“हो,” बाई म्हणाल्या. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पावणेसहाला डॉक्टरीणबाईचा फोन आला. तिने पाच नावं वाचली. तीच पाच होती.

“घाबरू नका, पूर्ण ऐका. पाचही जणांचे छातीचे फोटो काढले. साफ आहेत. म्हणजे जंतू आत शिरलेत, पण झोपलेत. रोग झालेला नाही. सहा महिने रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे ते झोपलेलेच राहतील.”

“आणि गोळी चुकली तर?”

“चुकवायची नाही.”

“पण चुकली तर?”

“तर जागे होऊ शकतात. आज, नाहीतर पाच वर्षांनी.”

आठवड्याभराने गोगलगायीची आई आली. बाईंच्या औषधाला तेव्हा तीन आठवडे होत आले होते, आता तुमच्यापासून धोका नाही असं दवाखान्याने सांगितलं होतं. तरी बाई मास्क लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. आई सात पायऱ्या खाली थांबली. अंगाला भाजलेल्या पिठाचा वास, कोपरापर्यंत पांढरी.

“आत या” म्हणायची सोय नव्हती. “बसा” म्हणावं तर खाली पायरीच.

“मी माफ केलंय असं समजू नका,” आई म्हणाली.

“नाही समजत.”

“पोरगी तुमचंच घेऊन बसलीय. बाई कशा आहेत, बाई जेवतात का. मी म्हटलं, खड्ड्यात गेल्या तुझ्या बाई.” ती थांबली. “तिची गोळी. सकाळी उपाशीपोटी घ्यायची. मी पाचला घर सोडते. सहाला भट्टी लागते, तिथे फोन हातात दिसला तर मुकादम ओरडतो. ती उठते साडेसहाला. घरात दुसरं कोणी नाही. अकरा वर्षांची पोर, विसरणार. काल विसरली होती. मी दुपारी येऊन बघितलं, गोळी तशीच.”

बाईंनी कठडा धरला. “काल?”

“दुपारी दिली मी. पण रोज कोण बघणार?” आईने पहिल्यांदा वर पाहिलं. “तुम्ही बघायचं. साडेसहाला फोन करायचा, तिने गिळेपर्यंत ठेवायचा नाही. रोज. सहा महिने. रविवार नाही, आजारपण नाही, काही नाही. तुम्ही दिलंय, तुम्हीच राखा.”

“करते.”

“आणि काही वेगळं वाटलं तर मला कळवायचं. लगेच. तुमच्या सरांना विचारून नाही.”

“हो.”

ती निघाली. चार पायऱ्या उतरून वळली. “जेवता का?” तिने विचारलं, जवळजवळ भांडल्यासारखं.

“जेवते.”

“तिला सांगावं लागेल म्हणून विचारलं.”

तेव्हापासून साडेसहाचा फोन. बाई सहापासून उठून बसत. फोन वाजत राहिला की पहिल्यापासून उचलेपर्यंत त्या एकेक रिंग मोजत. नवरा म्हणायचा, “पोरगी तोंड धूत असेल, एवढं काय?” पण तोही चहाचा कप ओठाशी नेऊन तसाच थांबलेला असे.

एकेचाळिसाव्या दिवशी गोगलगायीने चौथ्या रिंगला उचललं.

“उठले बाई, उठले. गोळी हातात आहे. पाणी घेतलंय. गिळली. झालं.”

“एवढ्या घाईत?”

“आंघोळ करायचीय. रात्री घाम आला, सगळं चिकचिक झालंय.”

बाई उभ्या राहिल्या. “घाम? कधी आला?”

“झोपेत.”

“किती? उशी भिजली? कपडे बदलावे लागले? याआधी कधी आला होता?”

“बाई!”

“सांग नीट. खोकला आहे? भूक लागते?”

“काल चार पाव खाल्ले. खोकला नाही. बाई, दोन पांघरुणं होती अंगावर, घाम येणारच ना. तुम्ही आईला नका हं सांगू.”

“का?”

“ती पण असंच विचारते. घाबरून. मग मला पण भीती वाटायला लागते.”

बाई म्हणाल्या, “सांगावं लागेल गं.”

“म्हणजे तुम्ही चुगली करणार.”

“करणार.”

पोरीने फुरंगटून फोन ठेवला. बाईंनी लगेच दुसरा लावला. बेकरीत या वेळी फोन उचलत नाहीत हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्याच रिंगला उचलला. मागे भट्टीचा घुरघुराट, पत्रे आदळत होते.

“काय झालं?” आई ओरडूनच बोलली.

“बहुतेक काही नाही. गोळी घेतली तिने. पण रात्री झोपेत घाम आला म्हणते.”

पत्र्यांचा आवाज चालूच होता. मागे कोणीतरी आईला हाका मारत होतं, ती उत्तर देत नव्हती.

“किती पांघरुणं होती अंगावर?”

“दोन म्हणाली.”

मोठा श्वास सुटल्याचा आवाज आला, आणि तो अर्ध्यातच थांबला.

“दुसरं मीच घातलं होतं निघताना,” आई म्हणाली. “उद्या नाही घालत. मग बघू.”

“हो,” बाई म्हणाल्या. “उद्या बघू.”